पहिलीचे पुस्तक कुणासाठी?

सदाशिव पेठेच्या कडेला, बाजीराव रस्त्यावर, विश्रामबागवाड्याचा लाकडी सज्जा बघायला माणसे थांबतात. हा दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, हे बहुतेकांना ठाऊक असते. पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि १८३७ पासून तिची देखरेख पुढे मेजर कँडी म्हणून ओळखल्या गेलेल्या थॉमस कँडी यांच्याकडे आली, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते. मराठी मुलांच्या वाचनाच्या पुस्तकांचा इतिहास सांगायचा तर या वाड्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

त्याआधीची मुले पुस्तकाशिवायच शिकत. पंतोजीच्या शाळेत लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, टोकदार काडीने तीत अक्षर काढायचे, पंतोजींनी पाहिले की पाटी हलवायची आणि पुन्हा तेच अक्षर गिरवायचे. धुळाक्षरे वळणावर आली की बाराखडी, पाढे, मग पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी. सगळे एका सुरात, खणखणीत आवाजात. मुलाने हिशेब ठेवावा, मोडी कागद वाचावा, एवढीच घरच्यांची अपेक्षा असे आणि ती पुरी होई. या पद्धतीला सरसकट घोकंपट्टी म्हणून मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते. मद्रासमध्ये अँड्र्यू बेल या पाद्र्याने एका देशी शाळेत मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले आणि आपल्या शाळेत तोच प्रकार चालू केला. मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवायचे, ही रीतही त्याने तिथेच रुजवली आणि १७९७ मध्ये तिचा वृत्तांत लंडनला छापला. तिकडे बेल आणि इंग्रज शिक्षक जोसेफ लँकेस्टर यांच्या नावांनी ही पद्धत गाजली आणि काही वर्षांनी विलायती सुधारणा म्हणून मुंबई इलाख्यातल्या नव्या शाळांत परत आली.

छापील पुस्तके आली ती मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात. शाळा काढणे आणि शाळांसाठी पुस्तके तयार करणे, या कामाला मुंबईत १८२२ मध्ये एक संस्थाच उभी राहिली. पण त्या सुमारास छापून निघालेली मराठी पुस्तके पाहा: १८२२ मध्ये ‘पंचोपाख्यान’, १८२३ मध्ये ‘विदुरनीति’, १८२४ मध्ये ‘सिंहासनबत्तिशी’. राजनीती, धूर्तपणा, राजाचे औदार्य हे सारे मोठ्यांचे जग. ते मुलांपुढे ठेवले गेले, कारण छापण्याजोगे गद्य म्हणून हाताशी तेवढेच होते. मूल त्यात कुठेच नव्हते.

ते आले सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या ‘बाळमित्रा’त. साल १८२८. मूळ पुस्तक बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे. छत्र्यांनी ते इंग्रजीवरून मराठीत आणले. इसापाच्या नीतिकथाही त्यांनी त्याच वर्षी दिल्या. ‘बाळमित्रा’त मुले बोलतात, भांडतात, चुकतात, आईबापांना प्रश्न विचारतात. उपदेश भरपूर आहे, पण तो ऐकणारे पात्र मुलाच्याच वयाचे आहे. मराठी बालवाङ्मयाची सुरुवात इथून मानतात ती योग्यच आहे.

कँडींचे काम वेगळे. पोथीतली ओळ कशी असे ते आठवा: शब्दाला शब्द चिकटलेला, वरची रेघ अखंड, मधूनमधून दंड. पुराणिकाला ते अडत नसे, कारण मजकूर आधीच कानात असे. ज्या मुलाने तो कधी ऐकलेलाच नाही, त्याने वाक्य कुठे तोडायचे? कँडींनी विरामचिन्हांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, ती १८५० मध्ये निघाली. पुढे त्यांच्या देखरेखीखाली शाळाखात्याची क्रमिक पुस्तके तयार झाली आणि स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह गावोगावच्या मुलांपर्यंत पोहोचले. कँडी मराठीला इंग्रजी वळण लावतात, ही तक्रार पुण्यात पुष्कळ झाली. तीत तथ्यही आहे. तरी, न ऐकलेला मजकूर एकट्याने वाचता येण्याची सोय या खुणांनी केली आणि माझ्या लेखी तो मोठाच उपकार आहे.

पण ही पुस्तके कुणाच्या मुलांसाठी? हा प्रश्न नेटाने मांडला जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना, शेतकऱ्यांच्या मुलांना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची आणि आरोग्याची माहिती मिळावी, शहरातला आणि खेड्यातला अभ्यासक्रम एकच नसावा, असे त्यांनी सांगितले. पुस्तकातले जग आणि मुलाचे जग यांतले अंतर त्यांना दिसले, कारण १८४८ पासून त्यांनी स्वतः शाळा चालवल्या होत्या.

पुढे अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने पाठांमध्ये घरातली बोली, गंमत, भावंडांचे लटके रुसवे आणले. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यातच पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाले आणि राज्यभर एकच पुस्तक झाले. स्वस्त, सगळ्यांना मिळणारे. ही साधी गोष्ट नव्हे.

अक्षरे कोणत्या क्रमाने शिकवायची, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. ‘ग म भ न’ हा क्रम घराघरात पाठ आहे. चारही अक्षरांना उजवीकडे उभा दांडा, डावीकडे थोडे वळण. एकाचा सराव झाला की दुसरे सहज उतरते. हाताला हा क्रम सोपा आहे, पण डोळ्याला अवघड. म आणि भ यांत फरक असतो वरच्या गाठीचा, घ आणि ध यांतही तसाच चिमूटभर. सहा वर्षांच्या मुलासमोर अशी जुळी अक्षरे एकत्र ठेवली की लिहिणे लवकर जमते आणि वाचणे रखडते. शिवाय सगळी मुळाक्षरे, मग काना, मग वेलांटी अशा चालीने गेले तर कित्येक महिने मुलाला एकही अर्थाचे वाक्य वाचायला मिळत नाही. म्हणून आता दिसायला वेगळी अशी थोडी अक्षरे आणि एकदोन स्वरचिन्हे एकदमच देतात. पहिल्याच गटातून ओळखीचे शब्द तयार होतात. मला हीच वाट बरोबर वाटते.

ओळखीचे म्हणजे कुणाच्या ओळखीचे, हा फुल्यांचा प्रश्न इथेही उभाच राहतो. सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे कार्यालय आहे. शिक्षकांनी कसे शिकवावे याचा विचार इथे होतो. पण हा विचार ज्याच्यापर्यंत पोहोचायचा, ते मेळघाटातले मूल पहिलीत येते ते कोरकू बोलत. कोरकू मुंडा कुळातली. मराठीशी तिचे नाते नाही. चित्रातली वस्तू त्या मुलाला नीट माहीत असते, तिचे नाव त्याच्या तोंडी असते, पण त्या नावाचे पहिले अक्षर चित्राखाली छापलेल्या अक्षराशी जुळत नाही. तिथले जाणते शिक्षक पुस्तक उघडण्याआधी काही आठवडे मुलांशी त्यांच्याच भाषेत बोलतात, त्यांचे शब्द देवनागरीत फळ्यावर लिहितात आणि त्या शब्दांतून अक्षरे निवडतात. पुस्तक त्यानंतर येते.