दारूची ओढ पोटातूनही येते



३१ जुलैला मासेमारी बंदी संपतेय. या दोन महिन्यांत एक वहिनी ऑफिसात येऊन म्हणाल्या, "भाऊ, ह्यांना सोडायची आहे हो, पण पोटातूनच मागणी येते." वहिनी म्हणाल्या त्यात बरंच तथ्य आहे.

आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू असतात. बहुतेक कामाचेच. आतड्याचं अस्तर त्यांना रक्तापासून वेगळं ठेवतं. रोजच्या दारूने या अस्तराचे सांधे सैल होतात, जुन्या होडीच्या फळ्यांतून पाणी झिरपतं तसं. मग जंतूंचे विषारी अंश रक्तात जातात. शरीराला वाटतं रोग शिरला, म्हणून सूज आणणारी रसायनं तयार होतात आणि त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो. माणूस उदास, बेचैन होतो, झोप लागत नाही. ते घालवायला परत ग्लास.

बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१४ साली दारू सोडायला दाखल झालेल्यांची तपासणी केली. ज्यांचं आतडं जास्त झिरपत होतं, त्यांची उदासी आणि दारूची ओढ तीन आठवड्यांनंतरही जास्त होती. २०२१ मध्ये अमेरिकेत लिव्हर खराब झालेल्या २० जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांना निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू दिले (ऐकायला कसंतरी वाटतं, पण खरं आहे). पंधरा दिवसांनी त्या १० पैकी ९ जणांची ओढ कमी झाली, दुसऱ्या गटात ३ जणांचीच. माणसं थोडी होती, म्हणून याला अजून उपचार म्हणता येत नाही. जंतूंच्या महागड्या पावडरी विकायला कोणी आलं तर घेऊ नका. पेज, कुळीथ, तांबडी भाजी खा, चांगल्या जंतूंना तेच लागतं. मात्र नुसत्या भाजीने दारू सुटत नाही.

आता बोटमालक आणि तांडेलांसाठी, हे नीट वाचा. रोज पिणारा खलाशी लांबच्या फेरीवर गेला की त्याची दारू एकदम तुटते. मग हात थरथरतात, घाम येतो, फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो भलतंसलतं बघायला, बडबडायला लागतो. हे नाटक नाही आणि भूतबाधाही नाही, यात जीव जाऊ शकतो. त्याला एकटं सोडू नका, डेकच्या कडेला जाऊ देऊ नका, बोट बंदराकडे वळवा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४. अशा माणसाने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी, आणि तीही फेरीच्या आधी. व्यसनमुक्तीसाठी सरकारी मोफत नंबर १४४४६ आहे, घरच्यांनी फोन केला तरी चालतो.