डोंगरउतारावरील घराची बाग : कोकणच्या संदर्भात जलनियोजनाचा विचार

प्रस्तावना

कोकणात सपाट जमीन मुळातच थोडी आणि तीही बहुतांशी भातशेतीने व्यापलेली. त्यामुळे उतारावर घर बांधण्याची रीत येथे जुनी आहे. अलीकडे मात्र डोंगर यंत्राने उभा कापून मिळालेल्या सपाटीवर घर आणि उरलेल्या उतारावर बाग, अशी बांधकामे वाढली आहेत. या बागेची आखणी बहुधा रोपवाटिकेतील रोपांच्या यादीपासून सुरू होते. तीव्र उतारावरील बाग ही प्रथम पाण्याची रचना असते व नंतर वनस्पतींची, तसेच 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे सूत्र तेथे जसेच्या तसे लागू करता येत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. तिन्ही ठिकाणची भूरचना सारखी नव्हती, परंतु अतिवृष्टीने माती पाण्याने जड होणे हा घटक समान होता. एका घराची बाग अशी दरड रोखू शकत नाही, हे उघड आहे. घरामागील कापलेला उतार घसरणे किंवा बांध ढासळणे हे प्रकार मात्र बागेच्या आखणीशी थेट निगडित आहेत.

पाण्याचा हिशेब

किनारी कोकणात वर्षाला साधारणतः 2500 ते 3500 मिलिमीटर पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या काळात. 3000 मिलिमीटर पाऊस गृहीत धरल्यास 100 चौरस मीटर छपरावर 3 लक्ष लिटर पाणी पडते. एकपंचमांश वाया गेले तरी 2 लक्ष 40 हजार लिटर उरते. आता गरज पाहू. वीस तरुण झाडांना प्रत्येकी आठवड्याला 20 लिटर याप्रमाणे नोव्हेंबर ते मे या 30 आठवड्यांत 12 हजार लिटर पुरतात. म्हणजे छपरावरील पाण्याचा शेकडा पाचवा भाग साठविला की बागेचा उन्हाळा निभावतो. उरलेले पंचाण्णव भाग आणि वरच्या उतारावरून येणारे पाणी सुरक्षितपणे कोठे न्यावयाचे, हा खरा प्रश्न आहे. जलसंधारणावरील लेखनात साठवणीची चर्चा विपुल आढळते. वाट करून देण्याची चर्चा त्या मानाने फारच थोडी.

हिरवळीचा हट्ट मात्र हा हिशेब कोलमडून टाकतो. उन्हाळ्यात एक चौरस मीटर हिरवळीला दिवसाला सुमारे 5 लिटर पाणी लागते. 100 चौरस मीटर हिरवळ वरील 12 हजार लिटरचा साठा 24 दिवसांत संपविते.

जांभा, चिकण माती व बांध

जांभा सच्छिद्र असल्याने त्यातून पाणी झपाट्याने खाली उतरते. त्याच्याखाली अनेक ठिकाणी मऊ, चिकण मातीचा थर असतो. तेथे पाणी अडते, आडवे वाहू लागते आणि कापलेल्या उताराच्या पोटातून झऱ्यासारखे बाहेर पडते. घसरण बहुधा याच सीमेवर होते. म्हणून घराच्या वरच्या अंगाला पाणी जिरविण्यासाठी चर वा खड्डे खणणे हितावह नाही. तेथे समपातळीपेक्षा किंचित उतार दिलेला, शंभर मीटरला साधारण एक मीटर या प्रमाणातील, पक्का चर काढून पाणी घराला वळसा घालून नैसर्गिक पऱ्ह्याकडे न्यावे. जिरवण करावयाची ती घराच्या खालच्या अंगाला, खडक वर असलेल्या जागी व खालच्या शेजाऱ्याचे घर लक्षात घेऊन. सांडपाण्याचा शोषखड्डाही बांधाच्या माथ्यावर नसावा, कारण तो बारमाही पाणी मुरवितो. आराखड्यात ही बाब हमखास निसटते.

टप्पे पाडताना उंच भिंत एक बांधण्यापेक्षा बुटके बांध अनेक घालावेत. यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. भिंतीमागे पाणी तुंबल्यास त्याचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 1 मीटर उंचीच्या भिंतीवर प्रत्येक मीटर लांबीला तो सुमारे अर्धा टन असतो, 2 मीटरच्या भिंतीवर 2 टन. मातीचा रेटा वेगळा. चुन्या-सिमेंटाविना रचलेला जांभ्याचा पारंपरिक गडगा फटींतून पाणी सोडतो व हा रेटा साचू देत नाही. सिमेंटच्या भिंतीला झिरपण्याची छिद्रे व पाठीमागे खडीचा थर न दिल्यास ती धरणासारखी वागते, पण धरणासारखी बांधलेली मात्र नसते. माणसाच्या उंचीएवढी भिंत आवश्यकच असेल तर तिचा आराखडा स्थापत्य अभियंत्याकडूनच करून घ्यावा.

वनस्पती व सिंचन

बांधाच्या काठावर वाळा लावावा. त्याची मुळे अनुकूल जमिनीत दोन ते तीन मीटर खोल, सरळ खाली जातात व माती धरून ठेवतात. टप्प्यांच्या मधल्या उतारावर करवंद, धायटी, निर्गुडी, कुडा, अंजनी यांसारखी स्थानिक झुडपे योग्य. पहिल्या दोन उन्हाळ्यांनंतर त्यांना पाणी जवळजवळ लागत नाही. आंबा, फणस अशी मोठी झाडे बांधाला चिकटून लावू नयेत.

साठ्याची टाकी वरच्या टप्प्यावर, परंतु मूळ घट्ट जमिनीवर ठेवावी, भरावावर नव्हे. 12 हजार लिटर म्हणजे 12 टन वजन. तेथून पंपाविना ठिबक चालते. 10 मीटर उंचीला प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे 1 किलोग्रॅम दाब मिळतो. त्यामुळे खालच्या झाडांना अधिक व वरच्यांना कमी पाणी जाते. यावर उपाय म्हणजे नळ्या समपातळीत टाकणे व दाबनियंत्रित तोट्या वापरणे.

पालापाचोळ्याचे आच्छादन ही सर्वांत स्वस्त बचत होय. दुर्दैवाने आपल्याकडे पाला झाडून जाळण्याची सवय मोठी आहे. मात्र तीव्र उतारावर जूनमध्ये पसरलेला पाला पहिल्याच सरींत वाहून चरांत अडकतो. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर जिवंत गवत राखावे आणि आच्छादन दसऱ्यानंतर घालावे. झाडांची अर्धचंद्राकृती आळीही तेव्हाच बांधावीत व मृगापूर्वी फोडून टाकावीत. चर उपसण्याचे कामही त्याच सुमारास उरकावे.

वरच्या टप्प्यावर उताराला आडव्या भेगा दिसणे, सरळ झाडे कलणे, नेहमीचा झरा अचानक गढूळ होणे किंवा आटणे ही चिन्हे आढळल्यास बागेचे काम थांबवून भूवैज्ञानिकाचा सल्ला घ्यावा, आणि भर पावसात ती आढळल्यास प्रथम घर रिकामे करावे.