एका पित्याचा प्रश्न

पुढाऱ्याच्या कारकीर्दीचें मोजमाप कशानें करावें? कोणी त्यानें बांधलेलीं धरणें मोजतो, कोणी काढलेले कारखाने. आमच्या मतें तिची खरी परीक्षा पोलिसांच्या कोठडीपाशीं होते. केरळांतील राजन-प्रकरणास पुष्कळ वर्षें लोटलीं. तरी तें वाचकांपुढें पुन्हा मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मार्च १९७६. देशांत आणीबाणी चालू होती. कायण्णा येथील पोलीस-ठाण्यावर नक्षलवाद्यांनीं नुकताच हल्ला केला होता. त्या तपासांत १ मार्च रोजीं कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील राजन नांवाच्या विद्यार्थ्यास पोलिसांनीं धरून कक्कयम् येथील छावणींत नेलें. मांड्यांवरून जड लांकडी ओंडका फिरविणें, ही तेथील छळाची रीत होती. मुलगा परत आला नाहीं. त्याचा देहही आईबापांच्या दृष्टीस पडला नाहीं.

वडील ईचर वारियर हे हिंदीचे प्राध्यापक. सरकारी कचेऱ्या व मंत्र्यांची दारें त्यांनीं वर्षभर झिजविलीं. गृहखातें त्या वेळीं केरळांतील काँग्रेसचे मातब्बर पुढारी के. करुणाकरन् यांचेकडे होतें. वारियर त्यांसही भेटले. मुलाचा ठाव लागला नाहीं. न्यायालयांत जावें, तर एप्रिल १९७६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, आणीबाणींत स्थानबद्धास सुटकेसाठीं दाद मागतां येत नाहीं. पांचांपैकीं एकट्या न्यायमूर्ति खन्ना यांनीं विरुद्ध मत दिलें. बहुमतवाल्यांत आमच्या पुण्याचे न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड होते, हें आम्हां महाराष्ट्रीयांस विसरतां येत नाहीं.

२१ मार्च १९७७ रोजीं आणीबाणी उठली. २५ मार्च रोजीं करुणाकरन् मुख्यमंत्री झाले, आणि त्याच सुमारास वारियर यांनीं केरळ उच्च न्यायालयांत बंदी-प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. राजनला पोलिसांनीं ताब्यांत घेतलेंच नव्हतें, असें सरकारपक्षानें शपथेवर सांगितलें. न्यायमूर्ति पोट्टी व न्यायमूर्ति खालिद यांनीं साक्षी-पुरावा पाहून तें अमान्य केलें, व मुलास हजर करण्याचा हुकूम फर्माविला. पण हजर करावयाचें कोणास? अखेर राजन हयात नसल्याचें सरकारास कबूल करावें लागलें. अवघ्या एका महिन्यांत करुणाकरन् यांनीं मुख्यमंत्रिपद सोडलें.

न्याय्य बुद्धीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, या छळाबद्दल करुणाकरन् यांस कोणत्याही न्यायालयानें दोषी ठरविलें नाहीं. पुढें मतदारांच्या पाठिंब्यानें ते पुनःपुन्हा मुख्यमंत्रीही झाले. परंतु खात्याच्या प्रमुखाची जबाबदारी केवळ स्वतः दिलेल्या हुकुमापुरतीच असते काय? ज्याच्या अमलाखालीं माणूस नाहींसा होतो, त्यानें निदान विचारणाऱ्या बापास खरें तरी सांगावें! राजनच्या खुनाबद्दल कोणासही शिक्षा झाली नाहीं. वारियर यांनीं आपल्या आठवणी ग्रंथरूपानें लिहून ठेविल्या, आणि २००६ मध्यें ते निवर्तले.

काळानें थोडें परिमार्जन केलें. २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं तो जुना निकाल रद्द ठरविला. त्यांत न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड होते. पित्याची चूक पुत्रानें उघड न्यायासनावरून दुरुस्त केली. मात्र छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्यें सही करूनही आपल्या देशानें त्यास अंतिम मान्यता दिलेली नाहीं.

आपलीही मुलें शिक्षणासाठीं दूर वसतिगृहांत राहतात. ‘माझा मुलगा कोठें आहे?’ या प्रश्नास ज्या राज्यांत चोवीस तासांचे आंत खरें उत्तर मिळतें, तेंच सुराज्य. मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्यास, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आपण हें आधीं विचारावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.