गढूळ पाणी निवळतें कसें?

आषाढांत मळवली स्टेशनवर उतरून भाजे गांवावरून लोहगडवाडीकडे चढूं लागलें, कीं वाटेवरचा ओहोळ तांबूस दिसतो. त्याच्या पाण्याची कळशी भरून ठेवा. वाळू क्षणांत तळाशीं बसते. पाण्याचा रंग मात्र दुसऱ्या दिवशींही जात नाहीं. वाळू दगडाचीच आणि मातीही दगडाचीच. मग एक बुडते आणि दुसरी तरंगत राहते, हें कां? शाळेंत जाणाऱ्या मुलांनीं हा प्रश्न घरांत जरूर विचारावा. वडीलधाऱ्यांची बहुधा पंचाईत होईल.

उत्तर पृष्ठभागांत आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या दगडी घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर भरतो. त्याचेच एक सहस्रांश मिलिमीटर बाजूचे कण केले, तर दगड तेवढाच राहतो, पण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. वजन तेंच, आणि पाठ मात्र लहानशा खोलीएवढी! अशा कणाला ३० सेंटिमीटर खोल हंड्याचा तळ गांठावयास सुमारें चार दिवस लागतात. त्याच्याही दशांश आकाराच्या कणाला वर्षाहून अधिक. आणि पाण्याचे रेणू त्याला चहूंकडून धक्के देत असल्यामुळें तो खरोखर कधींच स्थिर बसत नाहीं.

हे कण एकमेकांना चिकटून मोठे झाले असते, तर भराभर खालीं गेले असते. पण मातीच्या कणावर ऋण विद्युत्भार असतो, आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. वांटणीवरून भांडलेले भाऊबंद एका घरांत राहूनही एकमेकांच्या वाऱ्यास उभे राहत नाहींत, तसा हा प्रकार.

येथें आजीबाईंची तुरटी कामास येते. खडा पाण्यांत फिरविला, कीं अॅल्युमिनियमचे तीन धन भार असलेले कण सुटतात व मातीचा ऋणभार मारतात. शिवाय त्याच अॅल्युमिनियमचा कापसासारखा साका तयार होतो. त्याच्या पृष्ठभागाला माती चिकटते आणि सारें मिळून तळाशीं जातें. पृष्ठभागावरच्या या चिकटण्याला अधिशोषण म्हणतात. भार जितका अधिक तितकें द्रव्य थोडें पुरतें, हा नियम शुल्त्झे यांनीं १८८२ सालीं व हार्डी यांनीं १९०० सालीं दाखवून दिला. साधें मीठ वापरल्यास शेंकडों पट लागेल. मीठ हें काम करीत नाहीं असें मात्र नव्हे: घाटाखालीं उतरलेल्या उल्हास नदीचा गाळ खाडीच्या खाऱ्या पाण्याशीं गांठ पडतांच बसूं लागतो.

तुरटी जितकी अधिक तितकें पाणी स्वच्छ, हा समज खोटा. फार झाली तर कणांवरचा भारच उलटतो, ते पुन्हां एकमेकांस लोटूं लागतात, आणि चवही बिघडते. खडा थोडा वेळ जोरानें फिरवावा, मग पाणी हळू ढवळून पुंजके वाढूं द्यावे, व पुढें हंड्याला हात लावूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाचें. जंतूंच्या अंगावरही बहुधा ऋणभारच असतो. म्हणून साक्याबरोबर पुष्कळसे जंतु खालीं जातात. पुष्कळसे, सगळे नव्हेत. पटकी किंवा विषमज्वर होण्यास उरलेले पुरतात. निवळलेलें पाणी आरशासारखें दिसतें, आणि फसगत तेथेंच होते. तें गाळ न हलवितां ओतून घ्यावें व खळखळून उकळावें. लोहगडाच्या माथ्यावर, सुमारें १०३३ मीटर उंचीवर, पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतें. तेवढी उष्णताही या जंतूंना पुरते.