कर्ता हरवलेलें राज्य

रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांनीं १९२०-२१ सालीं ‘आम्ही’ नांवाची कादंबरी लिहिली. स्वदेशांत ती १९८८ पर्यंत छापली गेली नाहीं. तिच्यांतील राज्यांत माणसांस नांवें नाहींत, क्रमांक आहेत. घरें कांचेचीं, आणि उठणें-जेवणें एकाच वेळापत्रकानें. आकाशयानाच्या चाचणींत यंत्राखालीं बेसावध उभीं असलेलीं सुमारें दहा माणसें जळून खाक होतात. यानाचा शिल्पकार, म्हणजे कथानायकच, शांतपणें गणित मांडतो : दहा म्हणजे लोकसंख्येचा जेमतेम दहा कोटींवा हिस्सा! काम क्षणभरही थांबत नाहीं.

येथें दोष कोणाचा? पाणिनीनें कर्त्याचें लक्षण ‘स्वतंत्र’ असें केलें आहे. त्या राज्यांत स्वतंत्र कोणीच नाहीं. मग पापास कर्ता कोठून आणावा? आणि पुण्यास तरी?

आमच्या एकत्र कुटुंबांतही ‘मी’पेक्षां ‘आम्ही’च अधिक ऐकूं येतें, असें कोणी म्हणेल. खरें आहे. पण पंगतींत एक पान रिकामें दिसलें कीं वाढतां वाढतां आजी थांबते, “धाकटा कुठें आहे?” म्हणून विचारते. त्याच धाकट्यानें पुढें काय शिकावें हें ठरवितांना मात्र सारें घर बोलतें. त्याला कोणी विचारीत नाहीं. शाळेंत असे मुलगे मीं पुष्कळ पाहिले.