पिवळ्या कागदावरचे रग्बी

रग्बी फ्रान्समध्ये १८७२ च्या सुमारास ल हाव्र बंदरातील इंग्रजांबरोबर आले, मग पॅरिसच्या उच्चभ्रू क्लबांनी ते उचलले, आणि २० मार्च १८९२ रोजी झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात रासिंग क्लबने स्ताद फ्रान्सेला ४-३ असे हरविले, तेव्हा पंच म्हणून उभे होते ते पुढे आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक ठरलेले पिएर द कुबेर्तां. हे राजधानीचे वर्चस्व अल्पायुषी ठरले. १८९९ मध्ये बोर्दोच्या संघाने विजेतेपद पॅरिसबाहेर नेले आणि त्यानंतर खेळाचा भार दक्षिणेकडे, विशेषतः नैर्ऋत्येकडील द्राक्षमळ्यांच्या व छोट्या कारखान्यांच्या गावांकडे सरकत गेला.

या गावांच्या चुरशीला फ्रेंच भाषेत ‘एस्प्री द क्लोशे’ म्हणतात. क्लोशे म्हणजे चर्चच्या घंटेचा मनोरा, आणि ज्याच्या त्याच्या निष्ठेची सीमा आपल्या मनोऱ्यापाशी संपते, असा त्याचा भाव आहे. १९२९ चा अंतिम सामना हे त्याचे टोकाचे उदाहरण होय. तूलूझमध्ये त्या दिवशी भिडलेली कियाँ आणि लेझिन्याँ ही दोन्ही एकाच ओद जिल्ह्यातली छोटी गावे होती. कियाँचा संघ झाँ बुरेल या टोप्यांच्या कारखानदाराने पैसे ओतून, शेजारच्या पेर्पिन्याँचे खेळाडू आणून उभा केला होता, आणि तो ११-८ असा जिंकला. खेळाडूंना उघड मोबदला देण्यास मनाई असताना नोकरीच्या वा दुकानाच्या नावाखाली तो पोहोचविण्याच्या या रीतीला ‘तपकिरी हौशीपणा’ असे उपरोधिक नाव पडले होते. हा छुपा पैसा आणि मैदानावरची हिंसा (१९२७ मध्ये कियाँचा आणि १९३० मध्ये आजाँचा खेळाडू सामन्यातील दुखापतींनी दगावला) यांमुळे १९३१ मध्ये ब्रिटिश संघटनांनी फ्रान्सशी संबंध तोडले, आणि पंचराष्ट्रीय स्पर्धेत त्याला परत जागा मिळाली ती १९४७ मध्ये.

त्याच १९२९ साली तूलूझमध्ये ‘मीदी ऑलेंपीक’ हे वृत्तपत्र निघाले, हा योग लक्षणीय आहे. पिवळ्या कागदावर छापले जाणारे, वाचकांनी लाडाने ‘मीदॉल’ म्हटलेले हे पत्र रविवारचे सामने सोमवारी घरोघर पोहोचवू लागले. बड्या संघांइतकीच कनिष्ठ विभागांतील गावांची नोंद घेणे ही त्याची खरी मिरास; परंतु वाचक, जाहिरातदार आणि संघाचा आश्रयदाता एकाच चौकात भेटत असतील, तर पैसा कोठून आला हा प्रश्न विचारणे सोपे नसते. जवळिकीची ही किंमत फ्रेंच रग्बीच्या पत्रकारितेने दीर्घकाळ मोजली, असे म्हणावे लागते.

पॅरिसची दृष्टी निराळी होती. आंरी देग्रांज यांचे ‘लोतो’ हे क्रीडा दैनिकही पिवळ्याच कागदावर निघे; तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीतील अग्रणीचा पिवळा सदरा त्याच रंगाशी जोडला जातो. युद्धानंतर १९४६ मध्ये त्याच्या जागी ‘लेकीप’ हे दैनिक आले आणि रग्बीचा वृत्तान्त तेथे जवळपास ललित गद्य झाला. १९५८ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात लुसियाँ मियास यांच्या नेतृत्वाखालील संघाने कसोटी मालिका जिंकली, आणि त्या दौऱ्यावर पत्रकार दनी लालान यांनी लिहिलेल्या पुस्तकाने खेळाडूंना वीरकथेची उंची दिली. दूरचित्रवाणीवर हेच काम रोजे कूदेर्क यांनी केले. ‘चला पोरांनो’ या अर्थाची त्यांची ‘आले ले पती’ ही हाक रग्बी न कळणाऱ्या घरांतही पोहोचली. तटस्थतेचा आव त्यांनी कधी आणलाच नाही. फ्रेंच संघाच्या उत्स्फूर्त, धाडसी चालींना चिकटलेली ‘फ्रेंच फ्लेअर’ ही संज्ञा मात्र इंग्रजी वृत्तपत्रांची देणगी असून फ्रेंच लेखकांनी ती इतकी आपलीशी केली की, धसमुसळ्या स्क्रमवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या आघाडीच्या खेळाडूंच्या रेटारेटीवर, जिंकलेले कित्येक सामने तिच्याआड झाकले गेले.

१९९५ मध्ये व्यावसायिकतेला मान्यता मिळाल्यावर हिशेब उघड झाले आणि सशुल्क ‘कानाल प्ल्यूस’ वाहिनीच्या प्रक्षेपण-हक्कांच्या पैशांवर मोठ्या शहरांचे क्लब पोसले गेले. २०२३ च्या विश्वचषकात यजमान फ्रान्स उपान्त्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेकडून २८-२९ असा हरला, तेव्हा अवघ्या एका गुणावर देशभरच्या वृत्तपत्रांत चर्चा झाली. या झोतापासून दूर, कियाँ तर अव्वल विभागातून केव्हाच बाहेर पडले आहे. अशा संघांचे निकाल पाहण्यासाठी अजूनही पिवळ्या पत्राचीच मागची पाने उलटावी लागतात.