सेमाफोरचा पहिला आकडा

4 जुलै 1997 रोजी नासाचं ‘मार्स पाथफाइंडर’ मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्यावरचा संगणक अधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला. दोष एका म्युटेक्स सेमाफोरपाशी निघाला. हवामानाच्या नोंदी घेणारं कमी अग्रक्रमाचं टास्क तो धरून असे, मधल्या अग्रक्रमाची टास्क त्याला पुढे सरकू देत नसत आणि वरच्या अग्रक्रमाचं टास्क त्याच सेमाफोरसाठी ताटकळत राही. व्हीएक्सवर्क्स या प्रणालीत यावर ‘प्रायॉरिटी इन्हेरिटन्स’चा उपाय होताच, पण हा सेमाफोर तयार होताना तो पर्याय बंद होता. पृथ्वीवरून तो चालू केल्यावर रीसेट थांबले.

सेमाफोर कसा वागणार, हे बरंचसं तो तयार होतानाच ठरतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला डच संगणकतज्ज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी मांडलेली ही कल्पना म्हणजे मुळात एक पूर्णांक. ‘सेम_वेट’ केलं की तो एकने घटतो, ‘सेम_पोस्ट’ने एकने वाढतो. शून्य असेल तर वेट करणारा तिथेच थांबतो.

म्हणून सुरुवातीचा आकडा महत्त्वाचा. 1 दिला तर एका वेळी एकच थ्रेड आत जातो. 0 दिला तर दुसऱ्याने पोस्ट करेपर्यंत पहिला थांबतो. दहा जागांच्या बफरसाठी तीन सेमाफोर लागतात: रिकाम्या जागांचा 10, भरलेल्यांचा 0 आणि कुलपाचा 1. भरलेल्यांचा चुकून 1 ठेवला, तर माल येण्याआधीच ग्राहक थ्रेड कचरा उचलू शकतो. रिकाम्यांचा 0 ठेवला, तर उत्पादक जागेची वाट बघतो, ग्राहक मालाची, आणि प्रोग्राम गप्प बसतो.

सी भाषेत पॉझिक्सचं ‘सेम_इनिट’ तीन गोष्टी मागतं: सेमाफोरचा पत्ता, ‘पीशेअर्ड’ आणि आकडा. एकाच प्रोसेसमधल्या थ्रेडसाठी पीशेअर्ड 0 पुरतो. वेगवेगळ्या प्रोसेससाठी तो शून्येतर हवा, शिवाय सेमाफोर शेअर्ड मेमरीत असायला हवा. साध्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवून ‘फोर्क’ केलं, तर प्रत्येक प्रोसेसला आपापली प्रत मिळते. एरर येत नाही, पण कुणी कुणासाठी थांबतही नाही. मॅकओएसवर तर हे फंक्शन कंपाइल होतं आणि चालवल्यावर -1 परत देतं. परतीची किंमत तपासली नाही, तर हे कळणारच नाही.

मॅकवर चालतो तो नावाचा सेमाफोर, म्हणजे ‘सेम_ओपन’. त्याची खोड वेगळी. त्या नावाचा सेमाफोर आधीच असेल, तर तुम्ही दिलेला आकडा तो बघतही नाही. आधीचा प्रोग्राम कुलूप धरूनच कोसळला असेल, तर आकडा 0 वरच राहतो आणि नवा प्रोग्राम पहिल्याच वेटवर अडकतो. ‘सेम_अनलिंक’ करून जुनं नाव काढलं, तरच नवा आकडा लागू होतो. म्हणून आकडा किती, एवढंच ठरवून भागत नाही. तो कोणती प्रोसेस लावणार आणि जुनं नाव कोण काढणार, हेही पहिला थ्रेड सुरू होण्याआधी ठरलेलं असावं लागतं.